करवतवाला अध्यक्ष: हावियेर मिलेई यांचे विचार अर्जेंटिनाला मानवले का?

2022 च्या डिसेंबरात विश्वचषकाची फायनल होती तेव्हा निम्मं कोल्हापूर आकाशी-पांढरं झालं होतं. त्यानंतर अकरा महिन्यांनी त्याच अर्जेंटिनाने नवा राष्ट्राध्यक्ष निवडला. विस्कटलेले केस, गालांवर रुंद कल्ले आणि प्रचाराच्या सभेत हातात लाकूड कापायची घरघरणारी यांत्रिक करवत. सरकारी खर्च असा कापणार, हे दाखवायला. तालमीतला एक मित्र तेव्हापासून मला विचारतोय, "एवढा फुटबॉल कळणारा देश, आणि ह्ये येडं कसं काय निवडून दिलं रं?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात दोन प्रश्न गुंतलेत. निवडून कसा आला, हा एक. आणि त्याचे जगावेगळे विचार त्या देशाला मानवणारे होते का, हा दुसरा. औषध चांगलं की वाईट हे बाटली बघून कळत नाही, आजारी कोण आणि त्याला झालंय काय, तेही बघावं लागतं. म्हणून सुरुवात आजारापासून.

आमटीत पाणी

पाहुणे वाढले की आमटीत पाणी घालायचं, हे आपल्याकडे प्रत्येक घराला माहीत आहे. एकदा चालतं. रोज पाणी वाढवत गेलं तर पातेलं भरलेलं दिसतं आणि डाळ मात्र तेवढीच राहते. अर्जेंटिनाने हे पैशाच्या बाबतीत केलं. सरकारचा खर्च कमाईपेक्षा जास्त. या फरकाला वित्तीय तूट म्हणतात. तूट बहुतेक देशांत असते, आपल्याकडेही आहे. ती भरायला सरकार कर्ज काढतं. पण ज्याने आजवर नऊ वेळा परदेशी कर्ज बुडवलंय त्याला पुन्हा कर्ज देणार कोण? मग उरते मध्यवर्ती बँक, म्हणजे त्यांची रिझर्व्ह बँक. ती नोटा छापून सरकारच्या हातात ठेवते. नोटा वाढल्या, माल तेवढाच. आमटी पातळ.

किती पातळ? ऑक्टोबर 2023 मध्ये वार्षिक महागाई 142 टक्क्यांवर होती. म्हणजे गेल्या वर्षी 100 पेसोला मिळणारी वस्तू आता 242 ला. देशातली सर्वांत मोठी नोट 2000 पेसोंची होती आणि रस्त्यावरच्या भावाने तिचे जेमतेम दोन डॉलर यायचे, म्हणजे आपले दीडशे-पावणेदोनशे रुपये. फ्रीज रोखीने घ्यायचा तर पिशवीभर नोटा न्यायच्या. अर्थात रोखीने घेतो कोण? लोक हप्त्यांवर घ्यायचे, कारण शेवटच्या हप्त्यापर्यंत त्या रकमेची किंमत निम्मी झालेली असायची. बचत करणारा मूर्ख आणि उधारीवर घेणारा शहाणा, असा उलटा व्यवहार तिथे रूढ झाला होता.

"रस्त्यावरचा भाव" हा शब्दशः घ्या. राजधानी ब्वेनोस आइरेसच्या फ्लोरिदा नावाच्या पायी चालायच्या रस्त्यावर दर काही पावलांवर एक माणूस उभा असतो आणि "काम्बियो, काम्बियो" म्हणत राहतो. बदली, बदली. या लोकांना तिथे "आर्बोलितो", म्हणजे छोटी झाडं म्हणतात. दिवसभर एका जागी उभे, आणि अंगावर हिरवी पानं. पानं म्हणजे डॉलर. ते तुम्हाला एखाद्या गाळ्यात नेतात. त्या गाळ्याला म्हणतात "गुहा". नोव्हेंबर 2023 मध्ये सरकारी भाव डॉलरला साडेतीनशे पेसोंच्या आसपास आणि गुहेतला हजाराच्या घरात होता. सरकारी भावाने सामान्य माणसाला महिन्याला फार तर 200 डॉलर मिळायचे, तेही अटी घालून. या निर्बंधाला तिथे "सेपो" म्हणतात. कैद्याचे पाय अडकवायचा लाकडी खोडा, हाच त्याचा मूळ अर्थ. आपणही "खोडा घातला" म्हणतो तेव्हा तेच म्हणत असतो.

हे चित्र नीट डोळ्यांपुढे ठेवा. मिलेईंच्या सभेला जमणारा विशीतला पोरगा याच देशात वाढला होता. आपल्या चलनात बचत करता येते, हे त्याने आयुष्यात बघितलेलंच नव्हतं.

राष्ट्राध्यक्ष म्हणजे आपला राष्ट्रपती नव्हे

इथे आपल्याकडे गोंधळ होतो. आपले राष्ट्रपती खासदार-आमदार निवडतात आणि सरकार चालवतात पंतप्रधान. पंतप्रधान व्हायला लोकसभेत बहुमत लागतं, त्यामुळे एकटा माणूस तडक वर पोचणं जवळपास अशक्य. अर्जेंटिनात सरकार राष्ट्राध्यक्षच चालवतो आणि त्याला लोक थेट निवडतात. काँग्रेस, म्हणजे त्यांची संसद, निवडली जाते वेगळी.

महाराष्ट्रातल्या गावकऱ्याला हे लगेच कळेल. थेट सरपंच! सरपंच एका पॅनेलचा आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्याचं, असं किती गावांत झालंय. सरपंचाकडे खुर्ची आहे, पण ठराव पास होत नाही. मिलेईंचं नेमकं हेच झालं. ते राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा 257 जणांच्या खालच्या सभागृहात त्यांच्या आघाडीचे 38 आणि 72 जणांच्या सेनेटमध्ये 7 सदस्य होते.

दुसरी गोष्ट दोन फेऱ्यांची. पहिल्या फेरीत 45 टक्के मतं, किंवा 40 टक्के आणि दुसऱ्यापेक्षा 10 टक्क्यांची आघाडी मिळाली नाही, तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान. 22 ऑक्टोबर 2023 च्या पहिल्या फेरीत मिलेई पहिले नव्हतेच. त्यांना जवळपास 30 टक्के मिळाले आणि सेर्हियो मासा यांना 36 हून अधिक. हे मासा कोण? त्या वेळचे अर्थमंत्री! 142 टक्के महागाई चालू असताना अर्थमंत्री राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहतो आणि पहिला येतो, हे मला मिलेईंच्या कुत्र्यांपेक्षा जास्त नवलाचं वाटतं. (कुत्र्यांचं प्रकरण असं: लाडका कुत्रा कोनान मेल्यावर त्यांनी अमेरिकेतून त्याचे क्लोन करून आणले. बहुतेकांना अर्थतज्ज्ञांची नावं दिली. आपल्या वृत्तवाहिन्यांनी हे चवीने सांगितलं आणि खोड्याबद्दल चकार शब्द काढला नाही.)

बाहेरचा म्हणजे किती बाहेरचा?

मिलेई मूळचे अर्थतज्ज्ञ. टीव्हीवरच्या चर्चांत आरडाओरडा करून प्रसिद्ध झाले, 2021 मध्ये पहिल्यांदा खासदार झाले. खासदारकीचा पगार ते दर महिन्याला सोडत काढून कुणा एका नागरिकाला देत. हा करदात्यांचा पैसा आहे, मी तो परत करतोय, असं म्हणत. जुन्या राजकारण्यांना त्यांनी एकच शब्द लावला, "ला कास्ता". म्हणजे जात. एकमेकांना सांभाळून घेणारी, बाहेरच्याला आत न येऊ देणारी जमात. गंमत बघा, पोर्तुगीज गोव्यात आणि मलबारात आले तेव्हा इथल्या जातींना त्यांनी हाच "कास्ता" शब्द लावला होता आणि तिथूनच तो इंग्रजीत "कास्ट" झाला.

पण 30 टक्क्यांवरचा माणूस 19 नोव्हेंबरला 55.65 टक्क्यांवर कसा गेला? पहिल्या फेरीत तिसऱ्या आलेल्या पात्रिसिया बुलरिच आणि माजी राष्ट्राध्यक्ष माउरिसियो माक्री यांनी आपलं वजन मिलेईंच्या पारड्यात टाकलं. म्हणजे जातीतल्याच निम्म्या लोकांनी. पुढे बुलरिचबाई सुरक्षामंत्री झाल्या. अर्थमंत्री झाले लुईस कापुतो, जे माक्रींच्या काळातही मंत्री होते आणि थोडे दिवस मध्यवर्ती बँकेचे प्रमुखही. बाहेरचा माणूस आतल्यांच्या खांद्यावर बसून आला आणि तिजोरीची किल्ली आतल्याच माणसाच्या हातात राहिली.

डॉलरीकरण, अर्थात घरची चूल बंद करून डबा लावणे

आता विचारांकडे. सर्वांत गाजलेली घोषणा होती पेसो बंद करून डॉलर वापरायचा आणि मध्यवर्ती बँकेला कुलूप ठोकायचं. याला डॉलरीकरण म्हणतात.

समजा घरात स्वयंपाक करणारा माणूस रोज आमटीत पाणी घालतोय. सांगून ऐकत नाही. शेवटी घरची चूलच बंद करून खानावळीचा डबा लावायचा, हे डॉलरीकरण. फायदा उघड आहे: पाणी घालायची सोयच उरत नाही. अमेरिकी डॉलर छापणं अर्जेंटिनाच्या हातात नाही. हा वेडेपणा नाही. एक्वादोरने 2000 मध्ये आणि एल साल्वादोरने 2001 मध्ये हेच केलं, पनामा तर शंभराहून जास्त वर्षं करतोय.

तोटाही डब्याचाच. घरात कुणी आजारी पडलं आणि पेज हवी असली तरी येणार ती खानावळीचीच भाजी. दुष्काळाने सोयाबीनचं पीक गेलं तर चलन स्वस्त करून किंवा व्याजदर कमी करून देशाला तगून राहता येतं. डॉलर वापरणाऱ्या देशाकडे ही सोय नसते. व्याजदर वॉशिंग्टनमध्ये ठरतो आणि तो ठरवताना रोसारिओच्या शेतकऱ्याचा विचार कुणी करत नाही.

खरी अडचण मात्र याहून साधी होती. डबा लावायला आधी डिपॉझिट भरावं लागतं. लोकांच्या हातातले सगळे पेसो बदलून द्यायला सरकारकडे डॉलर हवेत. 2023 च्या अखेरीस अर्जेंटिनाची गंगाजळी, देणी वजा केली तर, शून्याच्याही खाली होती. रिकाम्या खिशाने डबा लागत नाही. निवडून आल्यावर डॉलरीकरण आधी लांबणीवर पडलं, मग भाषणांत उरलं. मध्यवर्ती बँक आजही आपल्या जागी आहे. एवढंच नाही, तिने 2024 मध्ये आधी 10,000 ची आणि मग 20,000 पेसोंची नोट काढली.

कोंडवाडा आठवणारा देश

देशाला मानवणं म्हणजे काय, हे इथे दिसतं. अर्जेंटिनाने अर्धा-पाऊण डबा एकदा लावून बघितला होता. 1991 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्लोस मेनेम आणि अर्थमंत्री दोमिंगो कावायो यांनी कायदाच केला: एक पेसो म्हणजे एक डॉलर. त्याआधी 1989 मध्ये महागाई 3000 टक्क्यांवर गेली होती. ती खरोखर आटोक्यात आली. मध्यमवर्ग मायामीला खरेदीला जाऊ लागला. पण सरकारचा खर्च आणि कर्ज वाढतच गेलं, निर्यात महाग झाली, कारखाने बंद पडू लागले. डिसेंबर 2001 मध्ये लोक बँकांतून डॉलर काढायला धावले आणि सरकारने आठवड्याला 250 पेसोंपेक्षा जास्त काढायला बंदी घातली.

या बंदीला लोकांनी नाव दिलं "कोरालितो". गुरं डांबायचा छोटा कोंडवाडा. माणसाची आयुष्यभराची पुंजी आत आणि तो बाहेर, काच पिटत. दंगली झाल्या, डझनावारी माणसं मेली, राष्ट्राध्यक्ष देला रुआ यांनी राजीनामा दिला आणि ते हेलिकॉप्टरने निघून गेले. दोन आठवड्यांच्या आत राष्ट्राध्यक्षपदाची खुर्ची पाच जणांनी पाहिली. बँकेत डॉलर म्हणून ठेवलेला पैसा लोकांना पेसोंच्या रूपात परत मिळाला, तोही किंमत घसरलेला.

त्यामुळे तिथला माणूस एकाच वेळी डॉलरवर जीव टाकतो आणि पेसोला डॉलरशी बांधायचं म्हटलं की बिचकतो. डॉलर हवा, पण तो बँकेत नको, गादीखाली हवा. घरात आणि परदेशी खात्यांत मिळून अर्जेंटिनी लोकांकडे 200 अब्जांहून अधिक डॉलर असल्याचा सरकारी अंदाज आहे.

कंटाळवाणं वचन

बाहेरच्या उमेदवाराचे विचार तोलताना आपण सगळे त्याच्या मोठ्या आवाजातल्या घोषणा तोलत बसतो. मिलेईंच्या बाबतीत खरं महत्त्वाचं होतं ते सर्वांत कंटाळवाणं वचन: तूट शून्य. उत्पन्नाएवढाच खर्च. त्यावर कुणी मीम बनवला नाही. पण तेच एक वचन असं होतं की ते पाळायला काँग्रेसची फारशी परवानगी लागत नव्हती. पैसा देणं थांबवायला ठराव लागत नाही, सही न करणं पुरतं.

10 डिसेंबर 2023 ला शपथ घेतल्यावर त्यांनी काँग्रेसच्या सभागृहात नव्हे, इमारतीच्या पायऱ्यांवर, काँग्रेसकडे पाठ करून भाषण केलं. त्यातले तीन शब्द देशभर झाले: "नो आय प्लाता". पैसाच नाही. दोनच दिवसांनी सरकारी भाव डॉलरला साधारण 366 वरून 800 पेसोंवर नेला. मंत्रालयं 18 ची 9 केली. रस्ते-पुलांची सरकारी कामं जवळपास ठप्प. बस, वीज, गॅसवरची सवलत छाटली. ब्वेनोस आइरेसमध्ये बसचं किमान भाडं 2023 च्या अखेरीस 52 पेसो होतं, ते फेब्रुवारीत 270 झालं. रोज दोन बस बदलून कामाला जाणाऱ्या मोलकरणीच्या महिन्यात या फरकाने काय झालं असेल, ते हिशेब न करताही कळतं. आणि कपातीत सर्वांत मोठा वाटा गेला पेन्शनरांचा. महागाई पळत होती आणि पेन्शन मागून चालत होती.

2024 संपलं तेव्हा सरकारी हिशेबात दशकाहून अधिक काळानंतर पहिल्यांदाच शिल्लक होती.

"मग आकडे सुधारले ना? वाद कसला?"

सुधारले. डिसेंबर 2023 च्या एका महिन्यात महागाई 25.5 टक्के होती (त्यात 12 डिसेंबरच्या अवमूल्यनाचा, म्हणजे पेसो स्वस्त करण्याचा, मोठा हात होता), डिसेंबर 2024 मध्ये ती महिन्याला 2.7 वर आली. सबंध वर्षाचा आकडा 2023 चा 211 टक्के, 2024 चा 118. हे छोटं काम नव्हे आणि ज्यांनी "तीन महिन्यांत सरकार पडेल" म्हटलं होतं ते चुकले.

गरिबीचा आकडा मात्र दोन्ही बाजू आपापल्या सोयीने सांगतात. 2023 च्या उत्तरार्धात 41.7 टक्के लोक गरीब होते, 2024 च्या पूर्वार्धात 52.9 टक्के झाले आणि 2025 च्या पूर्वार्धात 31.6 वर आले. विरोधक मधला आकडा सांगतात, समर्थक शेवटचा. दोन्ही खरे. फक्त त्या मधल्या सहा महिन्यांत ज्याचं दुकान बंद पडलं त्याला शेवटचा आकडा दाखवून काही उपयोग नाही.

आणखी एक बारकावा आहे. महागाई मोजताना घरखर्चाची एक टोपली धरतात: इतकं अन्न, इतका प्रवास, इतकी वीज. अर्जेंटिनाची टोपली 2004-05 च्या पाहणीवर बेतलेली राहिली. तेव्हा वीज, बस, इंटरनेट यांवर घराचा खर्च कमी होता. आता नेमका याच गोष्टींचा भाव वाढला. म्हणजे तराजू खोटा नसला तरी जुना आहे, आणि लोकांना "आकड्यात स्वस्ताई दिसते, खिशात दिसत नाही" असं वाटतं ते अगदीच भ्रम नाही.

घरभाड्याचं उदाहरण मला बोलकं वाटतं. 2020 च्या कायद्याने भाडेकरार तीन वर्षांचे आणि भाडेवाढ वर्षातून एकदाच, अशी सक्ती होती. हेतू भाडेकरूंचं भलं. पण एवढ्या महागाईत तीन वर्षांचा करार करायला मालक तयार होईनात, घरं कुलूपबंद ठेवली किंवा पर्यटकांना दिली. मिलेईंनी वटहुकुमाने तो कायदा काढला आणि भाड्याच्या घरांच्या जाहिराती झपाट्याने वाढल्या. पण जुना करार संपलेल्या भाडेकरूला नव्या भावाने झटकाही बसला. घर मिळतं, परवडत नाही. पुण्या-मुंबईत भाड्याने राहणाऱ्याला यात नवीन काही वाटणार नाही.

"असा माणूस हुकूमशहा होणार नाही कशावरून?"

हा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो, कारण त्याच खंडातल्या एका देशाचं उदाहरण आहे. पेरूमध्ये 1990 साली आल्बेर्तो फुजिमोरी हे विद्यापीठाचे माजी कुलगुरू ट्रॅक्टरवर बसून प्रचार करत आले. समोर होते कादंबरीकार मारियो वार्गास योसा. योसा उघड सांगत होते की कडू औषध द्यावं लागेल. फुजिमोरी म्हणाले, मी देणार नाही. लोकांनी फुजिमोरींना निवडलं. सत्तेवर आल्यावर दोन आठवड्यांत त्यांनी तेच कडू औषध देशाच्या घशात ओतलं. महागाई उतरली, लोकप्रियता चढली आणि एप्रिल 1992 मध्ये त्यांनी लष्कराच्या मदतीने काँग्रेसच बंद केली. तेव्हा बऱ्याच लोकांनी टाळ्या वाजवल्या. धोका अपयशातून आला नव्हता, यशातून आला होता.

मिलेईंच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्यांनी कडू औषध मत मागतानाच सांगितलं. करवत लपवली नव्हती. आणि अर्जेंटिनाच्या संस्था कुरकुरत का होईना, चालल्या. डिसेंबर 2023 मध्ये त्यांनी तीनशेहून अधिक कलमांचा एकच महा-वटहुकूम काढला. तिथल्या नियमाप्रमाणे दोन्ही सभागृहांनी नाकारल्याशिवाय असा वटहुकूम पडत नाही. सेनेटने नाकारला, खालच्या सभागृहाने नाही, म्हणून तो टिकला. पण त्यातली कामगार कायद्याची कलमं न्यायालयांनी रोखली. फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दोन न्यायाधीश वटहुकुमानेच नेमले, तर एप्रिलमध्ये सेनेटने दोघांनाही नाकारलं. अपंगांच्या आणि विद्यापीठांच्या निधीवर त्यांनी घातलेले नकाराधिकार 2025 मध्ये काँग्रेसने दोन तृतीयांश मतांनी उलटवले. थेट सरपंचाला सदस्यांनी जागा दाखवली.

पत्रकारांवर ते ज्या भाषेत तुटून पडतात ती मात्र इथे छापण्यासारखी नाही. काँग्रेस उघडी आहे म्हणून हे माफ, असं मला वाटत नाही.

"आणि ते अवयवांच्या बाजाराचं वगैरे?"

सत्तेवर येण्याआधी मिलेई मानवी अवयवांच्या विक्रीकडेही एक बाजार म्हणूनच बघा म्हणाले होते. शाळांना पैसा देण्याऐवजी पालकांना कूपन द्या, म्हणाले. पोप फ्रान्सिस त्यांच्याच देशाचे, त्यांना सैतानाचा प्रतिनिधी म्हणाले. चीनशी व्यवहार नको म्हणाले. जगभर मथळे याचेच झाले.

झालं काय? अवयवांचा बाजार आला नाही. कूपनं आली नाहीत. गर्भपाताचा 2020 चा कायदा त्यांना मान्य नाही, पण तो जागेवर आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये व्हॅटिकनला जाऊन त्यांनी पोपना कडकडून मिठी मारली. चीनने दिलेल्या चलन-उधारीची मुदत मात्र आनंदाने वाढवून घेतली. ब्रिक्समध्ये, म्हणजे भारत, चीन, रशिया वगैरे देशांच्या गटात, यायचं आमंत्रण नाकारलं, ते एक शब्दाला जागून.

लोकांनाही सगळं औषध एकाच घोटात नको होतं. 23 एप्रिल 2024 ला विद्यापीठांच्या निधीसाठी ब्वेनोस आइरेसमध्ये प्रचंड मोर्चा निघाला आणि त्यात मिलेईंना मत दिलेलेही होते. सरकारी विद्यापीठात फुकट शिकायला मिळणं हा तिथल्या मध्यमवर्गाचा अभिमान आहे. कारकुनाचा मुलगा डॉक्टर होतो तो त्यामुळे. करवत तिथे अडली.

आणि "कास्ता" स्वतःला वगळून मोजायची नसते. फेब्रुवारी 2025 मध्ये मिलेईंनी समाजमाध्यमावर लिब्रा नावाच्या एका क्रिप्टो नाण्याची भलामण केली, भाव भडकला, काही तासांत कोसळला, लोकांचे पैसे बुडाले. त्यांनी पोस्ट काढून टाकली, मला तपशील माहीत नव्हते म्हणाले. जुन्या जातीतला कुणी असता तर त्यांनी स्वतः त्याचं काय केलं असतं, सांगायला नको.

"आपला काय संबंध?"

कढईतला. भारत जे सोयाबीन तेल आयात करतो त्यात अर्जेंटिनाचा मोठा वाटा आहे. तिथलं सरकार सोयाबीनच्या निर्यातीवर जबर कर लावायचं, दाण्यांवर 33 टक्के. मिलेईंनी तो 2025 मध्ये 26 वर आणला, सप्टेंबरात डॉलरची चणचण भासली तेव्हा काही दिवस चक्क शून्य केला. असं झालं की जगाच्या बाजारात माल येतो, भाव हलतो आणि त्याचा धक्का लातूरच्या आडतीपर्यंत पोचू शकतो. किराणा दुकानातल्या गिऱ्हाईकाला बरं, सोयाबीन लावणाऱ्याला वाईट. ब्वेनोस आइरेसच्या करवतीचा भुसा इथवर उडतो तो असा.

त्या सप्टेंबरात आणखी एक गोष्ट झाली. ब्वेनोस आइरेस प्रांताच्या निवडणुकीत मिलेईंचा पक्ष सपाटून हरला, पेसो घसरला आणि अमेरिकी अर्थखात्याने 20 अब्ज डॉलरच्या मदतीचा हात पुढे केला. एप्रिलमध्ये नाणेनिधीचे 20 अब्ज मंजूर झालेच होते. ट्रम्प यांनी तर उघड सांगितलं की मिलेई हरले तर आम्ही एवढे उदार राहणार नाही. 26 ऑक्टोबरच्या मध्यावधी निवडणुकीत त्यांचा पक्ष 40 टक्क्यांच्या वर गेला. पेसो बंद करून डॉलर आणायला निघालेल्या माणसाला शेवटी पेसो वाचवायला डॉलर उसने घ्यावे लागले.

मित्राचा शेवटचा प्रश्न

सगळं ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "ते ऱ्हाऊ दे. तू तिथला असतास तर काय केलं असतंस?"

पहिल्या फेरीत मिलेईंना दिलं नसतं. डॉलरीकरणाचं डिपॉझिट कुठून भरणार, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, आणि ज्याला हे एवढं साधं उत्तर देता येत नाही त्याच्या हातात करवत द्यायला मी कचरलो असतो. दुसऱ्या फेरीत समोर 142 टक्के महागाईचे अर्थमंत्री. तिथे बहुधा नाक मुठीत धरून मिलेईंनाच दिलं असतं, त्या शून्य तुटीच्या एका वचनासाठी. आणि पाच महिन्यांनी, 23 एप्रिलला, त्यांच्याच विरोधात विद्यापीठाच्या मोर्चात चाललो असतो. 270 पेसोंची बस पकडून.